मुका मार

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या या वावरातून सोयाबीन निघून गेले आहे आणि आज रात्री इथे कबड्डीचे खुले सामने आहेत. इथली जमीन काळी. ती पावसात फुगते, पाणी ओसरले की आक्रसून भेगाळते आणि दिवाळीनंतर तिची ढेकळे दगडासारखी कठीण होतात. म्हणून आधी धसकटे उपटली गेली, मग वखर फिरवून ढेकळे फोडली गेली आणि काल संध्याकाळी टँकरने मारलेले पाणी रात्रभर मातीत मुरू दिले गेले. आता दगडी रूळ फिरतो आहे. ओल साधली तर ही माती पडणाऱ्याला झेलते. रूळ जास्त फिरला किंवा दुपारचे ऊन लागले, तर तीच माती ओट्यासारखी घट्ट होते. घट्ट मैदान आयोजकांना आवडते, कारण त्यावर रेषा ठळक उमटतात आणि धूळ उडत नाही.

दोरी ताणून फक्की टाकणारा हा तरुण पाच वर्षे गावाच्या संघाचा उजवा कोपरारक्षक होता. लांबी 13 मीटर, रुंदी 10 मीटर, मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर चढाईपटूला ओलांडावीच लागणारी निदानरेषा आणि तिच्यामागे 1 मीटरवर बोनस रेषा, ही मापे तो टेप न पाहता सांगतो. वयाच्या तेविसाव्या वर्षी त्याने खेळ सोडला. गुडघा गेला म्हणून नव्हे, खांदा निखळला म्हणूनही नव्हे. डोक्यासाठी सोडला, आणि हे कारण गावात अजून कुणाला पटलेले नाही.

कोपऱ्यावरच्या खेळाडूचे काम मंद गतीने पाहण्यासारखे आहे. चढाईपटू जादा गुणासाठी बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो, त्याच क्षणी कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेपावतो आणि त्याचे डोके नेमके चढाईपटूच्या गुडघ्याच्या उंचीवर येते. सुटण्यासाठी वर ओढलेला तो गुडघा कुठे लागेल, हे दोघांच्याही हातात नसते. साखळी पकडीत दोन रक्षकांचे हात एकमेकांत गुंतलेले असतात, त्यामुळे पडताना जमिनीवर हात टेकवायची सोय उरत नाही. अशा धडकेत कवटी थांबते, पण आतला मेंदू क्षणभर हलत आणि वळत राहतो. त्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही, जखम दिसावी लागते असेही नाही, आणि सीटी स्कॅनमध्येही पुष्कळदा काही सापडत नाही. आपल्याकडे याला मुका मार म्हणतात. शब्द अचूक आहे. त्यावरचा उपाय मात्र तोंडावर पाण्याचा हबका आणि पुन्हा कोपऱ्यात उभे राहणे, एवढाच आहे.

आमच्या कोपरारक्षकाच्या एका पकडीचे हे चित्रण एका प्रेक्षकाच्या मोबाइलवरचे आहे. पकड यशस्वी होते, शिट्टी वाजते, गुण मिळतो. मग तो उठतो, चालू लागतो आणि प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात जाऊन उभा राहतो. लोक हसतात. कर्णधार त्याला दंडाला धरून परत आणतो आणि सामना पुढे सुरू होतो. चौकटीच्या डाव्या कडेला बाकावर बसलेले चार राखीव खेळाडू नीट पाहावेत. कबड्डीत सात जण खेळतात आणि बाकीचे बदली म्हणूनच आणलेले असतात. नियम आड येत नव्हता.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीचे प्रात्यक्षिक दाखवले, याचा विदर्भाला रास्त अभिमान आहे. त्याच्याही आधी, 1928 साली, हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरांनी ठोसे खाऊन झोकांड्या देत चालणाऱ्या मुष्टियोद्ध्यांवर लिहिले होते. पुढे 2002 साली शवविच्छेदन करणारे डॉक्टर बेनेट ओमालू यांना माइक वेबस्टर या अमेरिकी फुटबॉलपटूच्या मेंदूत टाऊ प्रथिनाचे साठे आढळले. डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा हा आजार, सीटीई, आजही मृत्यूनंतर मेंदू तपासूनच पक्का ठरवता येतो, त्यामुळे जिवंत खेळाडूला खेळ सोडण्याचा निर्णय अंदाजावरच घ्यावा लागतो. 2015 साली ख्रिस बोरलँडने व्यावसायिक अमेरिकी फुटबॉलच्या एकाच हंगामानंतर, वयाच्या चोविसाव्या वर्षी तसा घेतला. त्याची जगभर बातमी झाली. आमच्या कोपरारक्षकाला त्याच्या काकांनी विचारले, “डोक्याले काय झालं? रगत त निंगालंच नाई.”

डोक्याला मार लागल्याची शंका आली तर खेळाडूने त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरू नये, असे 2022 साली ॲमस्टरडॅमला झालेल्या, खेळातल्या डोक्याच्या दुखापतींवरच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे मत आहे. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर विशेषतः किशोरवयात तो जिवावर बेतू शकतो. मार लागलेल्याला बाहेर बसवायला ना मॅट लागते ना निधी. ज्याच्या गळ्यात शिट्टी आहे त्याला सामन्याआधी एवढे सांगितलेले असावे लागते. गावोगावच्या माहितीपत्रकात बक्षिसाची रक्कम, प्रवेश फी आणि वजनाची अट छापलेली असते. हे एक वाक्य तिथे मावले असते.

खेळ सोडल्याने राज्यस्तरीय प्रमाणपत्र हुकले आणि त्याबरोबर सरकारी नोकरीतल्या 5 टक्के खेळाडू आरक्षणाची वाटही बंद झाली. आता तो वडिलांबरोबर शेती पाहतो.

चौथी रेषा पुरी झाली आहे. तो हातावरची फक्की झटकतो आणि कोपऱ्यातली माती टाचेने दाबून पाहतो. तिथे ती घट्ट लागते, म्हणून अर्धी बादली पाणी आणून स्वतः शिंपडतो. खांबांवरचे हॅलोजन पेटायला लागले आहेत. त्या उजेडाने त्याचे डोके ठणकते, म्हणून सामने सुरू व्हायच्या आत तो सायकल काढून घराकडे निघतो.