निरोप आला नाही, म्हणजे सगळं ठीक?

(जहाजावरील सुरक्षित कामकाज या विषयावरील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. एका दरवाजापासून सुरुवात करतो.

६ मार्च १९८७ ची संध्याकाळ. बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ नावाची फेरीबोट इंग्लंडमधल्या डोव्हरकडे निघाली. खाली गाड्या आणि ट्रक, वर माणसं. अशा जहाजाच्या नाळेलाच, म्हणजे पुढच्या टोकालाच, मोठा दरवाजा असतो, गाड्या तिथून थेट पोटात शिरतात. त्या संध्याकाळी तो दरवाजा उघडा राहिला. समुद्र शांत होता. जहाज बंदराबाहेर पडलं, वेग वाढला तशी नाळेपुढची लाट उंच झाली आणि पाणी सरळ गाड्यांच्या डेकवर आलं. दीडेक मिनिटात जहाज आडवं झालं. १९३ माणसं गेली.

दरवाजा लावायचं काम असिस्टंट बोसनचं होतं. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आणि हा त्याचा मदतनीस. तो केबिनमध्ये झोपलेला होता, निघायची घोषणा झाली तेव्हाही त्याला जाग आली नाही. बोसन गाड्यांच्या डेकवरून सगळ्यात शेवटी निघाला; दरवाजा लावणं हे आपल्या कामात मोडतं असं त्याला वाटत नव्हतं. गाड्या भरून घेणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं, दरवाजा लावणारा माणूस येताना दिसतोय. तो ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथं, गेला, कारण निघायच्या वेळी त्याला तिथंही हजर राहायचं होतं. ब्रिजवरून दरवाजा दिसत नव्हता. दरवाजा लागला की नाही हे सांगणारा दिवाही तिथं नव्हता.

एवढं ऐकून आपण लगेच बोट दाखवतो, झोपलेल्या माणसाकडे. मीही पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा तेच केलं. पण चौकशीत जहाजाच्या कायमच्या आदेशांमधला एक नियम पुढे आला आणि तो मला आजही अस्वस्थ करतो. नियमाचा आशय असा: खातेप्रमुखांना काही त्रुटी आढळली तर त्यांनी कॅप्टनला कळवावं. तसं काही कळवलं गेलं नाही, तर निघायच्या वेळी जहाज सर्व दृष्टींनी तयार आहे असं कॅप्टननं धरून चालावं.

म्हणजे ‘दरवाजा लावला’ असं कुणी सांगायचंच नव्हतं. निरोप आला नाही, की सगळं ठीक. आणि झोपलेला माणूस निरोप देत नाही.

याआधी १९८३ मध्ये त्याच कंपनीचं, त्याच घडणीचं दुसरं एक जहाज असंच उघड्या दरवाजानं निघालं होतं, तिथंही माणूस झोपलेलाच होता. त्या वेळी निभावलं. ब्रिजवर दिवे बसवा, अशी मागणी कॅप्टन मंडळींनी कार्यालयाकडे केली होती, ती तिथं कुणी गांभीर्यानं घेतली नाही. अपघातानंतर बाकीच्या जहाजांवर ते दिवे काही दिवसांत बसले. काही दिवसांत! चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती शीन यांनी म्हणूनच फक्त जहाजावरच्या तिघांना दोष दिला नाही. कंपनीत वरपासून खालपर्यंत ढिसाळपणाचा रोग शिरलेला आहे, असं त्यांनी अहवालात लिहिलं.

आज जहाजावर आपण ज्याला सेफ्टी मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतो, तिचं मूळ या आणि अशा काही अपघातांत आहे. १९९० मध्ये ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या प्रवासी जहाजाला आग लागून १५९ जण दगावले. तिथले कर्मचारी नवे होते, त्यांचा आगीचा सराव झालेला नव्हता आणि अनेकांना एकमेकांची भाषाही कळत नव्हती. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं, म्हणजे आयएमओनं, आयएसएम कोड, म्हणजे जहाजं सुरक्षित चालवण्याची नियमावली, स्वीकारला. १ जुलै १९९८ पासून तो प्रवासी जहाजं, टँकर आणि बल्क कॅरियर (सुटा माल नेणारी जहाजं) यांना बंधनकारक झाला, आणि १ जुलै २००२ पासून पाचशे टनांच्या वरच्या इतर मालवाहू जहाजांना.

कोड तसा छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. त्यातल्या दोन गोष्टींवर मला थांबायचंय. पहिली, सुरक्षेची जबाबदारी कंपनीवर आली. तोवर अपघात झाला की कॅप्टनपाशी येऊन गोष्ट संपायची. आता किनाऱ्यावर एक नेमलेली व्यक्ती असते, जहाजावर सगळे तिला डीपीए म्हणतात. कंपनीच्या सर्वोच्च माणसापर्यंत तिची थेट पोच असली पाहिजे. तिचं नाव आणि नंबर मेसरूममध्ये, म्हणजे जेवायच्या खोलीत, भिंतीवर लावलेला असतो आणि तो कॅप्टनपासून मेसमनपर्यंत कुणीही फिरवू शकतो. दिव्यांची ती मागणी कार्यालयातल्या टेबलावर पडून राहिली, म्हणून ही तरतूद आली असं मी समजतो. दुसरी गोष्ट, सुरक्षा आणि प्रदूषण यांच्या बाबतीत शेवटचा शब्द कॅप्टनचा, आणि तो तसा आहे हे कंपनीनं लिहून द्यायचं.

आता तुमच्यातले जे लवकरच जहाजावर चढणार आहेत त्यांनी एक विचारावं: मग अपघात थांबले का? कमी झाले. पण माणसं अजून मरतात, आणि सगळ्यात वाईट मरण येतं ते बंद जागेत. एन्क्लोज्ड स्पेस. टाक्या, कॉफरडॅम म्हणजे दोन टाक्यांमधली रिकामी जागा, होल्ड म्हणजे मालाची कोठारं, नांगराच्या साखळीचं कपाट.

या जागांत काय होतं ते नीट समजून घ्या. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. लोखंड गंजतं तेव्हा ते हवेतला ऑक्सिजन खातं. बॅलास्टची टाकी, म्हणजे जहाजाचा तोल राखायला पाणी भरतात ती, महिनोन्महिने बंद राहिली, आतून गंजत राहिली, की तिथला ऑक्सिजन हळूहळू संपतो. कोळसा, लाकडाचे ओंडके, लाकडी गोळ्या, भंगार हा माल भरलेल्या होल्डमध्ये, इतकंच काय त्याच्या शेजारच्या जिन्याच्या बोळातसुद्धा, हेच घडतं. आणि माणसाला काही कळत नाही. आपला जीव गुदमरतो तो मुख्यतः अंगात कार्बन डायऑक्साइड साचला म्हणून. ऑक्सिजन नसलेल्या हवेत श्वास तर चालूच असतो, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत असतो, त्यामुळे छाती भरून येत नाही, घाबरं होत नाही. ऑक्सिजन फारच कमी असेल तर एकदोन श्वासांत शुद्ध जाते. वास नाही, रंग नाही, आवाज नाही. टाकीही काही ‘कळवत’ नाही.

२००७ च्या सप्टेंबरमध्ये ‘व्हायकिंग इस्ले’ या बचावनौकेवर काय झालं पाहा. हो, बचावनौकाच, दुसऱ्यांना वाचवायला समुद्रात उभी राहणारी. नांगराची साखळी कपाटात आपटून खडखडत होती. ती बांधून टाकायला दोघे गेले. एक आत उतरला आणि कोसळला. दुसऱ्यानं मदत मागवली आणि साथीदाराकडे जायला स्वतः आत उतरला, तोही कोसळला. तिसरा श्वसनयंत्र लावून आला, पण पाठीवरच्या सिलिंडरसकट त्याला कपाटाच्या भोकातून जाता येईना. मग त्यानं आगीतून पळून जाताना वापरायचं छोटं हुड घातलं आणि उतरला. आत ते हुड निघालं. तिघेही गेले. कारण काय, तर साखळीचा खडखडाट.

पहिल्याला वाचवायला गेलेला दुसरा, हा क्रम बंद जागांच्या अपघातांत पुन्हा पुन्हा दिसतो. माझ्या अनुभवात शिस्तीची माणसंसुद्धा या क्षणी शिस्त मोडतात, कारण खाली पडलेला माणूस आपला असतो, सकाळी त्याच्याबरोबर चहा प्यायलेला असतो. म्हणून बाहेर उभ्या राहणाऱ्या माणसाला मी एकच काम शिकवतो: अलार्म दे आणि तिथंच उभा राहा. पाय आत टाकायचा नाही. हे सांगायला सोपं आणि करायला भयंकर कठीण आहे, त्यासाठीच तर सराव. १ जानेवारी २०१५ पासून बंद जागेतून सुटकेचा सराव दर दोन महिन्यांनी सक्तीचा झाला आणि १ जुलै २०१६ पासून हवा तपासायचं मीटर जहाजावर असणं बंधनकारक झालं.

दोरांबद्दल थोडक्यात सांगतो. जहाज धक्क्याला बांधताना ताणलेला दोर तुटला तर तो चाबकासारखा मागे येतो, माणसाचे पाय तोडतो, जीव घेतो. पूर्वी डेकवर पिवळ्या रंगानं धोक्याचे पट्टे रंगवत असत: इथं उभं राहू नका. आता ब्रिटिश मार्गदर्शिका सांगते की ते पट्टे रंगवणं टाळा. दोर बिट्टाला, म्हणजे दोर गुंडाळायच्या लोखंडी खुंटाला, वळसा घालून कुठल्या दिशेनं येईल हे कोणत्याच रंगाला माहीत नसतं, आणि पट्ट्याबाहेर उभ्या माणसाला उगाच वाटतं की आपण सुरक्षित आहोत. दोरांवर ताण आहे तोवर अख्खा मूरिंग डेक धोक्याचाच समजा.

विश्रांतीचं तसंच. चोवीस तासांत किमान १० तास, सात दिवसांत ७७ तास, आणि त्या दहा तासांतला एक तुकडा तरी सलग सहा तासांचा, असा नियम आहे. महिनाअखेरीला तक्ते भरले जातात आणि त्यात प्रत्येक जण छान झोपलेला असतो. दोन बंदरं एका दिवसात केलेल्या, टाक्या धुतलेल्या जहाजावरचे तक्ते मी असे पाहिलेत. मला त्या मुलांचा राग येत नाही. खरं लिहिलं तर प्रश्न विचारले जातील, माणूस वाढवून मिळणार नाही, हे त्यांना ठाऊक असतं. पण कार्यालयात बसलेला माणूस तो तक्ता बघून म्हणतो, तक्रार नाही, म्हणजे सगळं ठीक. पुन्हा तोच १९८७ चा नियम, फक्त कागद बदललेला.

निअर मिसचंही हेच. थोडक्यात टळलेला अपघात कळवायचा असतो. एखाद्या जहाजाकडून वर्षभर एकही रिपोर्ट आला नाही, की काही कंपन्या खूश होतात. मी काळजीत पडतो. वीस-बावीस माणसं, वर्षभर, लाटांवर, लोखंडात काम करतात आणि एकदाही कुणाचा पाय घसरला नाही, एकदाही स्पॅनर वरून पडला नाही? तिथं माणसं बोलत नाहीत एवढाच त्याचा अर्थ.

बोलणं म्हणजे तरी काय, हे ‘एल फारो’च्या बाबतीत समजतं. १ ऑक्टोबर २०१५ रोजी हे अमेरिकी मालवाहू जहाज ‘वाकीन’ चक्रीवादळात बुडालं, ३३ जण गेले. साडेचार हजार मीटरहून जास्त खोलवरून त्याचा व्हॉइज डेटा रेकॉर्डर पुढच्या वर्षी वर काढला. त्यात ब्रिजवरचं सुमारे २६ तासांचं बोलणं होतं. त्या रात्री वॉचवरच्या, म्हणजे पाळीवरच्या, थर्ड मेटनं (तिसऱ्या अधिकाऱ्यानं) कॅप्टनला फोन केला, वादळ जवळ येतंय, दक्षिणेला वळता येईल असं सुचवलं. नंतर सेकंड मेटनंही केला. कॅप्टननं मार्ग बदलला नाही. दोघेही बोलले होते, वेळेवर बोलले होते. पण आदरानं, सुचवल्यासारखं बोलले, आणि ऐकणाऱ्याला ती सूचनाच वाटली. अधिकाऱ्यांनी अधिक ठामपणे बोलायला हवं होतं आणि कॅप्टननं त्यांचं ऐकायला हवं होतं, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. कॅप्टन होणाऱ्यांनी यातला दुसरा भाग आधी वाचावा. आपल्याकडे मोठ्यांपुढे आवाज चढवायचा नाही हे लहानपणापासून अंगी मुरलेलं असतं. त्या मुरलेपणावर मात करायची जबाबदारी ज्याच्या खांद्यावर चार पट्ट्या आहेत त्याचीच. रात्री दोन वाजता फोन आला तर ‘बरं केलंस उठवलंस’ हे शब्द पहिले यायला हवेत, मग निर्णय काहीही असो. पुढचा फोन येणार की नाही, ते त्या पहिल्या वाक्यावर ठरतं.

माझ्याबाबतीत हे बोलायचं काम एका बोसननं केलं. मी तेव्हा थर्ड ऑफिसर होतो. बॅलास्टच्या एका टाकीची पाहणी करायची होती. सकाळी आत उतरायचं परमिट माझ्या हातात आलं तेव्हा ते भरून तयार होतं: वायुविजन केलं, बरोबरची खूण; बचावाचं साहित्य जागेवर, बरोबरची खूण; ऑक्सिजन २०.९, वेळ ०८००. खाली सही करायची जागा तेवढी मोकळी होती. दुपारी धक्क्याला लागायचं होतं, सगळ्यांनाच घाई होती. मॅनहोल, म्हणजे टाकीत उतरायचं तोंड, पहाटेपासून उघडं होतं. मी पेन काढलं.

बोसन गुडघ्यावर बसून मॅनहोलच्या कडेचे नटबोल्ट डब्यात भरत होता. माझ्याकडे न बघता त्यानं विचारलं, “थर्ड साब, मीटर कुठंय?”

मीटर शिप्स ऑफिसमध्ये होतं. बॅटरी संपलेली, चार्जरला लावलेलं, दिवा लाल. आठ वाजता त्या मीटरनं कुणी काही मोजणं शक्यच नव्हतं. कुणीतरी २०.९ लिहिलं, कारण तिथं २०.९ च लिहायचं असतं.

आम्ही थांबलो. चीफ ऑफिसर वरून ओरडला. बोसन म्हणाला, “साब, चार्ज होऊ दे, मग जातो,” आणि त्या मॅनहोलच्या कडेलाच बसून राहिला. मीही त्याच्या शेजारी बसलो. दिवा हिरवा व्हायला तासभर लागला. मग मीटरला लांब नळी जोडली आणि बाहेर उभं राहूनच ती खाली सोडली. तोंडाशी २०.९. अर्ध्यावर २०.१. मी नळी आणखी सोडत गेलो, ती तळाच्या चिखलावर टेकल्याचं हाताला जाणवलं, आकडा उतरत उतरत १६.८ वर थांबला आणि मीटर किंचाळायला लागलं.

बोसननं परमिटचा कागद माझ्या हातातून घेतला, घडी घालून माझ्याच खिशात ठेवला, मॅनहोलवर जाळी टाकून ‘आत जाऊ नका’ची पाटी बांधली, आणि आम्ही दोघे टाकीत हवा सोडायचा ब्लोअर आणायला गेलो.