काल चालत होते

(पडद्यावर लॅपटॉपचा स्क्रीन, त्यावर लाल अक्षरांतील एरर.)

काल रात्रीपर्यंत हा प्रकल्प या विद्यार्थिनीच्या लॅपटॉपवर विनातक्रार चालत होता. आज सर्व्हरवर चढवल्यापासून तो ‘फाइल सापडली नाही’ एवढेच सांगून बंद पडतो आहे. सबमिशनला सहा तास उरले आहेत. गेल्या तासाभरात तिने सात ठिकाणी कोड बदलला असून त्यातला कोणता बदल ठेवायचा आणि कोणता काढायचा, हे आता तिलाही सांगता येत नाही.

शेजारी बसलेल्या मार्गदर्शकाला अशा वेळी की-बोर्ड आपल्याकडे ओढून घेण्याचा मोह होतो. दहा मिनिटांत काम होईलही. पण पुढच्या अडचणीत ही विद्यार्थिनी पुन्हा त्यांचीच वाट पाहत बसेल. म्हणून ते हात मागे ठेवतात आणि विचारतात, “शेवटचं नीट कधी चाललं होतं?”

या प्रश्नाला उत्तर असणे हीच निम्मी सुटका आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, कामासाठी तयार केलेले ‘गिट’ हे कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन आज विद्यार्थ्यांच्याही हाताशी आहे. काम पुढे सरकेल तसतशी कमिट, म्हणजे त्या क्षणीच्या कोडची नोंद, करत गेले, की कालच्या चालत्या कोडकडे केव्हाही परतता येते. बिघाड नेमका कोणत्या बदलाने झाला हे शोधताना दर वेळी मधली कमिट तपासून उरलेली निम्मी बाजूला काढली, तर हजार कमिटमधूनही दोषी कमिट साधारण दहा तपासण्यांत हाती लागते. ‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘खरेच अंतिम’ अशा नावांचे फोल्डर हा त्याला पर्याय नव्हे, हे मात्र बहुतेकांना हात पोळल्यावरच पटते.

सातही बदल मागे घेतले जातात. मग एरर मोठ्याने वाचायची. घाबरलेला डोळा लाल अक्षरे पाहतो, वाचत नाही. सी भाषेत एक महिरपी कंस राहिला, तर कंपायलर, म्हणजे कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, डझनभर चुका दाखवू शकतो. तेव्हा आधी पहिली चूक पाहावी. पायथॉन भाषेत उलट, चूक कोणत्या प्रकारची आहे हे शेवटच्या ओळीत असते.

चूक झाली म्हणजे आपल्याला हे जमत नाही, असे मानून खचणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. एडसॅक हा संगणक १९४९ मध्ये केंब्रिजमध्ये चालू झाला. तो उभारणारे मॉरिस विल्क्स यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे की, आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच प्रोग्रॅममधील चुका शोधण्यात जाणार, हे त्यांना जिन्याच्या वळणावर एकाएकी उमगले.

मुदतीचा प्रश्न मात्र सबमिशनच्या दिवशी सुटत नाही. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांनी मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रबंध पूर्ण करायला किती दिवस लागतील, असे विचारले. त्यांचा सरासरी अंदाज सुमारे ३४ दिवसांचा होता आणि सगळेच बिनसले तर सुमारे ४९ दिवसांचा; प्रत्यक्षात लागले सुमारे ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला हिशोबही कमीच पडला. तेव्हा ‘वेळेचे नियोजन करा’ असे बजावून फारसे साधत नाही. मधल्या मुदती मार्गदर्शकानेच घालून द्याव्यात आणि त्यांतली पहिली मुदत अगदी क्षुल्लक कामाची असावी: एक ओळ छापणारा, जवळजवळ रिकामा प्रकल्प एक नमुना फाइल वाचून सर्व्हरवर चालवून दाखवायचा. हे काम पहिल्याच आठवड्यात झाले असते, तर आजची अडचण तेव्हाच समोर आली असती.

(पुन्हा स्क्रीन. विद्यार्थिनीचे बोट एका ओळीवर.)

कोडमध्ये फाइलच्या नावाचे पहिले अक्षर कॅपिटल आहे. फाइलच्या प्रत्यक्ष नावात ते स्मॉल आहे. तिच्या लॅपटॉपवरील विंडोज एरवी हा फरक मानत नाही, सर्व्हरवरील लिनक्स मानते. मार्गदर्शकांनाही तो फरक आताच दिसला असावा, कारण ते हसतात. पण बोलत नाहीत. ती कोडमधले अक्षर बदलते, काय बदलले ते कमिटच्या संदेशात एका ओळीत लिहिते, आणि मगच प्रकल्प पुन्हा सर्व्हरवर चढवते.