मागचं चाक

(साताऱ्यातल्या एका पेठेत ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक सभेत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन.)

नमस्कार मंडळी. आत्ता ओळख करून देताना मला 'वाहतूकतज्ज्ञ' म्हटलं गेलं. मी तज्ज्ञबिज्ञ कुणी नाही, ड्रायव्हर होतो. ३१ वर्षं एस.टी. चालवली, त्यातली बरीचशी याच गावात, राजवाडा बसस्थानकावरून. सज्जनगड, ठोसेघर, कास, बामणोली, आणि मधल्या वेळात पोवई नाका ते राजवाडा अशा गावातल्या फेऱ्या. तेव्हा मी जे सांगणार ते त्या सीटवरून दिसलेलं आहे. पुस्तकातलं फार कमी.

बोलावणं आलं तेव्हा फोनवर मला सांगितलं होतं, 'पेठांतले रस्ते रुंद झाले पाहिजेत यावर जरा कडक बोला.' कडक बोलतो, पण त्यावर नाही. रुंद कुठून करणार? कुणाचा ओटा काढायचा, कुणाची भिंत मागं घ्यायची? शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ साली झाला आणि किल्ल्याच्या पायथ्याला हे गाव वाढत गेलं. घोडा, मेणा, बैलगाडी एवढ्याच्या हिशेबानं पेठा पडल्या. त्यात चूक काही नाही. त्या माणसांना काय माहीत, की तीनशे वर्षांनी कुणीतरी दाराशी साडेचार मीटरचा पत्र्याचा डबा उभा करून आत जेवायला जाणार आहे!

माझं म्हणणं वेगळं आहे. आपला रस्ता सरळ भागात फारसा अडत नाही. तो वळणावर अडतो. आणि वळणावर अडवायला एकच गाडी पुरते.

आधी सरळ भागाचा हिशेब उरकून टाकू. माझ्या घरापुढचा रस्ता मी टेपनं मोजलाय. या गटारापासून त्या गटारापर्यंत २० फूट. एस.टी. बसची रुंदी अडीच मीटरच्या आसपास, कायद्यानं जास्तीत जास्त २.६ मीटर, म्हणजे साडेआठ फूट. आरसे त्याच्या बाहेर. एका बाजूला गाड्या लागल्या, भिंतीपासून थोडं अंतर धरून सात फूट गेले, तर १३ उरतात. बस निघते, शेजारून एखादा स्कूटरवालाही जातो. दोन्ही बाजूंना लागल्या की उरतात सहा फूट. तिथं बस सोडा, अँब्युलन्सला आरसे मिटवून घ्यावे लागतात. घंटागाडी तर कोपऱ्यावरच गाणं वाजवत उभी राहते आणि सगळ्या बायका बादल्या घेऊन तिच्याकडं चालत जातात.

आणि गाड्याही वाढत गेल्या, नुसत्या संख्येनं नव्हे, अंगानं. १९८३ च्या अखेरीस मारुती ८०० आली, ती १.४ मीटर रुंद होती. साडेचार फुटांच्या किंचित वर. आज ज्याच्या त्याच्या दारात दिसते ती क्रेटा १.७९ मीटर, म्हणजे जवळपास पावणेसहा फूट भरते. आपण अँबॅसडरला 'हत्ती' म्हणायचो ना? क्रेटा तिच्याहून पाच इंच रुंद आहे. घरं तेवढीच, बोळ तेवढेच, आणि हत्ती मात्र घरटी दोन.

आता वळणाकडं येऊ. इथं मला जरा वेळ द्या, कारण हे कुणी सांगत नाही.

उसाचा हंगाम सगळ्यांनी पाहिलाय. दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर वळताना कधी नीट बघा. ट्रॅक्टर वळण मोठं घेतो, पहिली ट्रॉली त्याच्या आतून जाते आणि दुसरी आणखी आतून. कोपऱ्यावर उभा असलेला माणूस ट्रॅक्टर गेला म्हणून पुढं पाऊल टाकतो आणि दुसरी ट्रॉली त्याच्या अंगावर येते. बसचंही तेच होतं. फरक एवढाच, की बस अखंड असल्यामुळं ते दिसत नाही. पुढचं चाक ज्या वाटेनं जातं त्या वाटेनं मागचं चाक जात नाही. ते आतून कापतं.

किती आतून? आमच्या लाल गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत साधारण साडेपाच मीटरचं अंतर. पुढचं चाक दहा मीटरच्या गोलात फिरवलं, तर मागचं चाक त्याच्या आत १.६५ मीटरच्या आसपास जातं. माझ्या नातवानं हे वहीत त्रिकोण काढून दाखवलं, मला ते भिंतीला घासून कळलं होतं. १.६५ मीटर म्हणजे जवळपास साडेपाच फूट. म्हणजे कोपऱ्यावर कुणी लावलेल्या एका कारची रुंदी! मागच्या चाकाला नेमकी जी जागा लागते तेवढीच ती कार खाते. म्हणून मी म्हणतो, शंभर गाड्या सरळ रांगेत लागू देत, माझी बस हळूहळू निघेल. कोपऱ्यावरची एक गाडी हलली नाही तर मी तिथंच.

शिवाय बसला वळायला एक कोपरा पुरत नाही. ड्रायव्हर पुढच्या चाकाच्याही पुढं बसलेला असतो. डावीकडं वळायचं तर मी आधी सरळ पुढं घुसतो, समोरच्या घराच्या ओट्यावर जातोय की काय असं वाटेपर्यंत. समोरच्या घरातल्या आजी पहिल्यांदा ओरडतात, महिनाभरानं ओळखीचं हसतात. मग स्टिअरिंग पूर्ण कापायचं. त्याच वेळी डाव्या आरशात मागचं चाक बघायचं आणि उजव्या आरशात गाडीचं शेपूट, कारण मागच्या चाकाच्या मागं जो भाग लोंबतो तो उलट्या बाजूला फेकला जातो. म्हणजे समोरचा कोपरा, आतला कोपरा आणि शेपटाकडची बाजू, अशा तीन जागा मोकळ्या हव्यात. तिन्हींपैकी एका ठिकाणी कुणी 'दोन मिनिटांत येतो' म्हणून गाडी लावून गेला की खेळ संपला.

त्यात आपलं गाव उतारावर. वरचा रस्ता आणि खालचा रस्ता सोडला, तर दोघांना जोडणारा जवळजवळ प्रत्येक बोळ चढाचा. वळण आणि चढ एकाच जागी येतात. अर्धं वळण घेऊन बस अडकली की मागं घ्यायची, आणि मागं म्हणजे उताराला. कंडक्टर खाली उतरतो, मागं जाऊन पत्र्यावर हात मारतो, 'येऊ द्या, येऊ द्या, बास!' त्या 'बास' मध्ये आणि कुणाच्या तरी पायरीमध्ये चार बोटं असतात. आत ४० माणसं बसलेली, कुणाची कोर्टाची तारीख, कुणाचं डॉक्टरकडं जायचं. ज्याची गाडी आहे तो तिसऱ्या मजल्यावरून खिडकी उघडून म्हणतो, 'निघते की! जरा डाव्या अंगाला घ्या.' मंडळी, ३१ वर्षांत मला जेवढं ड्रायव्हिंग गॅलरीतल्या माणसांनी शिकवलं तेवढं खात्यानं शिकवलं नाही.

एकदा मी घासली. खोटं बोलत नाही. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची शेवटची फेरी, कोपऱ्यावर कव्हर घातलेली एक कार. मला वाटलं निघेल. मागच्या चाकानं तिचा मागचा दरवाजा आत गेला. पोलीस आले, पंचनामा झाला, पगारातून पैसे गेले. चूक माझी होती, ते मी तेव्हाही लिहून दिलं. पण गंमत पुढं आहे. त्या गाडीचा मालक आलाच नाही. ती पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाची गाडी. तिथं त्याला पार्किंग नव्हतं म्हणून त्यानं ती वडिलांच्या दारात, म्हणजे आपल्या रस्त्यावर, आणून ठेवली होती. आत मांजरीनं पिल्लं घातली होती. दरवाजा चेपल्यावर पहिल्यांदा कुणीतरी ते कव्हर काढलं.

नियम नाहीत असं समजू नका. १९८९ च्या रस्ता नियमावलीत स्पष्ट होतं की चौकाजवळ आणि वळणावर गाडी उभी करायची नाही, दुसऱ्या उभ्या गाडीच्या समोरासमोर लावायची नाही, बसथांब्याजवळ, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या दारात लावायची नाही. २०१७ साली नवी नियमावली आली, त्यातही चौकाजवळची बंदी राहिली. अडथळा करणारी गाडी उचलून नेण्याचा अधिकार १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. पण उचलायला येणारी क्रेनसुद्धा त्याच कोपऱ्यावरून वळणार ना?

सम-विषम तारखांच्या पार्किंगबद्दल मला नेहमी विचारतात. वरच्या रस्त्याला, मोती चौकाच्या बाजूला, दुकानांपुढं ते ठीक आहे. गल्लीत मला पटत नाही. रात्री बाराला बाजू बदलायला कोण उठणार? सकाळी अर्ध्या गाड्या इकडं, अर्ध्या तिकडं, आणि मधे माझी सातची गाडी. गल्लीत कायमची एकच बाजू ठरवावी, चढाच्या अंगानं कुठली सोयीची ते बघून. फक्त मग ज्यांच्या दारापुढं गाड्या येणार ते लोक कुंड्या, दगड, सिमेंट भरलेले तेलाचे डबे मांडणार, हेही मला माहीत आहे. रस्ता सरकारी असला तरी आपल्या दारापुढचा तुकडा आपला, ही भावना सातबाऱ्यापेक्षा पक्की असते.

जपानात १९६२ पासून कायदा आहे, की गाडी ठेवायला जागा आहे हे दाखवल्याशिवाय गाडी घेता येत नाही. आपल्याकडंही २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी तसं काही आणण्याचं बोलून दाखवलं. आलं तर चांगलंच. माझी शंका एवढीच, की आपल्याकडं जागा कागदावर असतेच. इमारतीच्या खाली नकाशात पार्किंग असतं. प्रत्यक्षात तिथं कुणाचं गोडाऊन असतं, कुणाची शिकवणी, कुणाच्या पाण्याच्या टाक्या. दाखला मिळेल, गाडी रस्त्यावरच राहील.

पोवई नाक्यावर २०२१ साली ग्रेड सेपरेटर सुरू झाला, जमिनीखालून वाटा काढल्या. मोठं काम झालं. पेठेतल्या कोपऱ्यावर 'इथं गाडी लावू नये' अशी रेघ मारायला मात्र दोन डबे पांढरा रंग पुरतो. तोच कुणी मारत नाही, कारण दोन डबे रंगाचं उद्घाटन होत नाही. सप्टेंबरात कासला फुलं बघायला शनिवार-रविवारी गाड्या समर्थ मंदिराकडून वर चढायला लागतात तेव्हा आपण बाहेरच्यांना शिव्या देतो. ते संध्याकाळी निघून जातात. आपली कव्हर घातलेली गाडी सोमवारीही तिथंच असते.

शाळेच्या बसचं एक सांगतो. उभ्या गाड्यांच्या रांगेमुळं बस मधेच थांबते, पोर दोन गाड्यांच्या फटीतून बाहेर येतं. या नव्या उंच गाड्यांच्या आड सहा-सात वर्षांचं पोर पूर्ण झाकलं जातं. ड्रायव्हरला आधी दप्तर दिसत नाही, डोकं दिसत नाही, एकदम पोरच दिसतं. मी अशा जागी गाडी नेहमी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवायचो आणि पाय ब्रेकवर. एवढंच. यावर जास्त बोलवत नाही.

आमच्या लोकांचीही चूक सांगतो. थांब्यावर इंजिन चालू ठेवून गप्पा मारणं, सकाळी सहाला गल्लीत हॉर्न दाबून धरणं, रात्रीच्या खासगी बसनं प्रवासी गोळा करत अर्धा तास रस्ता अडवणं. हे सगळं आहे. बसही लहान हव्यात. एस.टी.त आता नऊ मीटरच्या विजेच्या गाड्या आल्यात. चाकांतलं अंतर कमी झालं की मागचं चाक आत कापणंही बरंच कमी होतं. राजवाड्याच्या बाजूच्या फेऱ्यांना तशाच गाड्या द्याव्यात असं माझं मत आहे.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय. 'तुमची स्वतःची गाडी कुठं लावता?' हस्ताक्षर ओळखीचं वाटतंय. हसू नका, सांगतो.

निवृत्त झाल्यावर जुनी वॅगन आर घेतली. घराला जागा नाही. चार महिने ती मी कोपऱ्यावर लावत होतो, आतल्या अंगाला, बरोबर जिथं मागचं चाक येतं तिथं. रोज बघायचो, वाटायचं, आपण भिंतीला चिकटवून लावलीय, निघते की बस! मग एका सकाळी हॉर्न ऐकून गॅलरीत गेलो. खाली लाल गाडी अडकलेली, माझ्याच हाताखाली शिकलेला पोरगा स्टिअरिंगवर. मी वरून हात करून म्हणालो, 'जरा डाव्या अंगाला घे.' त्यानं वर बघितलं. काही बोलला नाही. मी चप्पल न घालता खाली उतरलो.

आता गाडी एका ओळखीच्यांच्या रिकाम्या प्लॉटवर असते, दहा मिनिटं चालावं लागतं. महिन्याला पैसे देतो. गुडघा दुखतो, पण डॉक्टर म्हणाले चाललेलं बरं.

आणि कोपऱ्याचं काय झालं, हे तुम्ही विचारणारच. माझी गाडी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं एक पांढरी क्रेटा उभी होती. आज तिसरा आठवडा. मालक कोण ते मला माहीत आहे, ते आत्ता तिसऱ्या रांगेत बसलेत. काका, सभा संपली की खाली जाऊ. मी कोपऱ्यावर फक्कीनं रेघ मारून ठेवलीय, पाच वाजताची ठोसेघर गाडी येईल. मागचं चाक कुठून जातं ते तुम्हीच बघा.