मॅटखालचा पत्रा
(लघुमाहितीपटाचे निवेदन)

[रिकामी बस. मागच्या दारातून आत येणारा कॅमेरा.]

या शाळेच्या बसमधल्या सीट काल काढल्या. बरेचसे बोल्ट पान्याने सरळ सुटले. सहा बोल्टांना पाना लावायची वेळच आली नाही. सीट धरून वर ओढली, तर तळाच्या पत्र्याचा तुकडा घेऊनच ते बाहेर आले. त्यातला हा एक. वॉशरभोवती पत्र्याची बांगडी राहिली आहे आणि तिच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात.

बाहेरून या बसला कोणी नाव ठेवणार नाही. रंग ताजा आहे, काचा धड आहेत, मॅट पुसून लख्ख आहे. चालताना मागच्या चाकाच्या आसपास पाय किंचित दबतो, एवढंच. मोठ्या माणसाच्या वजनाला ते कळतं. मुलांच्या पायांना कळत नाही.

[मॅट ओढून काढताना. मूळ आवाज सोडा.]

मॅट निघाली. खाली प्लाय आहे. कधीकाळी हा एकसंध, घट्ट प्लाय होता, आता थर सुटून वहीच्या भिजलेल्या पानांसारखा झालाय. हाताने दाबला की पाणी सुटतं. गेले बारा दिवस ही बस छपराखाली उभी आहे, हे इथे सांगायला हवं.

हे पाणी आलं कुठून? ओल्या बुटांबरोबर आलं, छत्र्यांवरून निथळलं, बाटल्यांमधून सांडलं. सरकत्या काचेचं रबर कडक होऊन तडकलं, तिथून भिंतीच्या आतल्या अंगाने उतरलं. आणि सगळ्यात जास्त आलं ते स्वच्छतेच्या नावाखाली. रोज बादलीने पाणी ओतून, झाडूने दाराकडे लोटून बस धुतली जाते. दाराबाहेर जातं तेवढं पाणी आपल्याला दिसतं. उरलेलं मॅटच्या जोडातून आणि सीटच्या बोल्टांच्या भोकांतून खाली जातं. वर रबर, खाली पत्रा, मध्ये लाकूड. वाळायला वाट कुठेच नाही.

खालून चाकं मारा करतात ते वेगळंच. मागच्या चाकाच्या वरची ही खोबण बघा. चिखल इथे थरांनी बसलाय आणि ओल धरून राहिलाय. समुद्राच्या खाऱ्या हवेत किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हाच चिखल कैकपटीने घातक होतो, कारण मीठ विरघळलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते. आणि गंज चढणं हे मुळात विजेचंच काम आहे.

[टेबलावर लोखंडाची पट्टी. थेंबाचा क्लोजअप.]

हे समजायला एक थेंब पुरतो. घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर मिठाच्या पाण्याचा हा थेंब टाकलाय. त्यात दोन रसायनं मिसळली आहेत. लोखंड विरघळेल तिथे निळा रंग येतो, हवेतला प्राणवायू खर्च होईल तिथे गुलाबी. थोडा वेळ जाऊ द्या. बघा, थेंबाच्या कडेला गुलाबी कडं उमटलं, आणि निळा रंग मधोमध. केंब्रिजचे युलिक एव्हान्स यांनी १९२०च्या दशकात थेंबाच्या याच प्रयोगातून गंजाचं गणित उलगडलं. कडेला हवा भरपूर पोहोचते, मध्ये कमी. लोखंड खाल्लं जातं ते जिथे हवा कमी पोहोचते तिथे.

आता पुन्हा या तळाकडे बघा. उघड्या कडा शाबूत आहेत. प्लायखाली झाकलेला, जोडांच्या फटीतला, वॉशरखालचा पत्रा गेलाय. जे झाकलंय तेच आधी जातं. म्हणून वरून बघून बसचा तळ चांगला आहे असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कितीही जाणकार असो.

[पत्र्याच्या कापलेल्या कडेचा अगदी जवळून शॉट. राखाडी मुलामा दिसतो.]

कारखान्यातून निघताना हा पत्रा उघडा नव्हता. त्यावर जस्ताचा मुलामा होता. ही युक्ती फार जुनी आहे. १८२४ साली रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही यांनी ब्रिटिश युद्धनौकांच्या तांब्याच्या पत्र्याला जस्ताचे आणि लोखंडाचे तुकडे जोडून दाखवले. तुकडे झिजले, तांबं वाचलं. पुढे १८३७मध्ये फ्रान्सच्या स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं. जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला राखतं. मुलाम्यावर बारीक ओरखडा आला तरी शेजारचं जस्त त्या जागेची राखण करतं. पण त्यालाही मर्यादा आहे. सीट बसवायला पाडलेलं भोक, वेल्डिंगने जळालेला पट्टा, वर्षानुवर्षं ओला राहिलेला कोपरा, इथलं जस्त संपतं. त्यानंतर उरतो तो साधा पत्रा, जाडी दोनेक मिलिमीटर.

आणि लोखंडाचा गंज त्या लोखंडाहून कितीतरी जास्त जागा मागतो. म्हणून इथला जोड फुगलाय. दोन पत्र्यांमध्ये साठलेल्या गंजाने रिव्हेटची डोकी उडवली आहेत. पापुद्रा काढला की खाली दुसरा निघतो, दुसऱ्याखाली तिसरा.

[बसखालून. आत दिवा लावलेला, तळातून उजेडाचे ठिपके.]

आत दिवा लावून आम्ही खाली झोपलो. चाकाच्या वर उजेडाचे सतरा ठिपके मोजले. मग टोच्या घेतला. जिथे उजेड दिसत नव्हता, तिथेही तो हलक्या हाताने आरपार गेला.

सीटचं आणि सीटबेल्टचं सगळं बळ या पत्र्यावर असतं. इथूनच धुराड्याचा विषारी वायू आत येऊ शकतो. २५ जुलै २०१२ रोजी चेन्नईजवळ ताम्बरम भागात दुसरीतली एक मुलगी शाळेच्या बसच्या तळाला असलेल्या भोकातून खाली पडली आणि चाकाखाली गेली. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि त्याच वर्षी तमिळनाडूत शाळेच्या बससाठी स्वतंत्र नियम आले.

[ग्राइंडर. ठिणग्या.]

दुरुस्तीत सगळ्यात मोठी फसवणूक असते ती पॅचची. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून चार टाके मारायचे आणि खालून डांबराचा काळा थर फासायचा. दिसायला छान दिसतं. पण आत ओल तशीच राहते आणि आता तिला दोन्ही बाजूंनी झाकण मिळतं. असं काम केलेली बस आम्ही उघडली आहे. नवा पत्रा जुन्याच्याही आधी गेला होता.

म्हणून इथे कापताना हात आखडता घेतलेला नाही. पांढरं, चमकणारं लोखंड दिसेपर्यंत कापलंय. जिथे पत्रा जाड आहे आणि गंज वरवरचा आहे, तिथे वायर ब्रश मारून टॅनिक आम्लाचा लेप दिलाय. लाल रंग काळा होताना दिसतोय तो त्याचाच परिणाम. खड्डे पडलेल्या पत्र्याला हा लेप वाचवू शकत नाही.

नवा पत्रा सलग वेल्ड केलाय. वेल्डिंगच्या उष्णतेने जस्त जळतं, म्हणून जोडाला वरून आणि खालूनही झिंक प्रायमर लावलाय. खालची बाजू हमखास विसरली जाते, कारण त्यासाठी पाठीवर झोपून, तोंडावर गंजाची पूड झेलत काम करावं लागतं. प्लायच्या कापलेल्या कडा सीलबंद केल्यात, बोल्टाच्या प्रत्येक भोकात सीलंट भरलंय. आणि पायरीच्या खोलगट भागात, अगदी तळाशी, पाणी जायला भोक ठेवलंय. आधीही ते होतं. चिखलाने बुजलेलं होतं, आणि अनेक वर्षांत त्यात कोणी साधी तार घातली नव्हती.

दिवे लावून बघता येतात, ब्रेक दाबून बघता येतो. तळ बघायचा तर अंगाखाली पोतं घेऊन बसखाली शिरावं लागतं आणि टोच्या मारावा लागतो. वर्षातून एकदा मॅटची एक कड उचलावी लागते. शाळेने ते मागितलं पाहिजे, पालकांनी शाळेला विचारलं पाहिजे, आणि तपासणाऱ्याने तळ बघितल्याशिवाय सही करता कामा नये.

[नळीचं पाणी आत सोडलेलं. कॅमेरा खाली.]

मॅट टाकण्याआधी आत पाणी सोडलंय. बसखाली पुठ्ठे अंथरलेत. दोन तास झाले. पुठ्ठे कोरडे आहेत, फक्त पायरीच्या भोकाखाली एक ओला गोल आहे.