सप्ताहाची दुसरी वही

(पहाट. मंडप अर्धा सोडलेला. बांबूंचा ढीग, भिंतीकडेला उपड्या घातलेल्या कढया.)

काल्याचं कीर्तन काल झालं. हंडी फुटली, लाह्या वाटल्या, महाराजांना गाडीपर्यंत पोचवून गाव घरी गेलं. सात दिवस, सात रात्री इथं वीणा खाली ठेवली नव्हती. पहारा बदलला की ती एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जायची. आज देवळात नुसत्या चिमण्यांचा आवाज आहे.

बालाघाटाच्या डोंगरातलं, धारूर तालुक्यातलं हे आमचं गाव. हरिनाम सप्ताह होत नाही असं गाव मराठवाड्यात शोधावं लागेल. पहाटे काकडा, मग ज्ञानेश्वरीचं पारायण, दुपारी गाथाभजन, दिवस मावळताना हरिपाठ, रात्री कीर्तन आणि त्यानंतर जागर. आणि रोज पंगत. सात दिवस गाव एका चुलीवर जेवतं.

सप्ताह झाला की पाहुणेरावळे एकच विचारतात, "कसा झाला?" आणि उत्तरही एकच असतं, "लई गर्दी होती."

या गर्दीचं एकदा आम्ही गणित मांडलं. बॅनरवर छापलं होतं, पाच हजारांचा जनसमुदाय. मंडप होता साठ फूट बाय नव्वद, म्हणजे ५,४०० चौरस फूट. मांडी घालून बसलेल्या माणसाला कमीत कमी सहा चौरस फूट लागतात. म्हणजे मंडप काठोकाठ भरला तरी नऊशे माणसं. बाहेर उभी राहिलेली, देवळाच्या ओट्यावर टेकलेली, सगळी धरली तरी पाच हजारांचा आकडा फार लांब राहतो. नऊशे माणसं कीर्तनाला येणं ही काही लहान गोष्ट नाही. पण पाच हजार मानून स्वयंपाक केला, की काय होतं ते उकिरड्यावर दिसतं.

(लाल कापडी बांधणीची वही. शेजारी शाळेतली शंभर पानी वही, कोपरे दुमडलेले.)

गावाकडे दोन वह्या आहेत. लाल वही जमाखर्चाची. पट्टी किती जमली, आचाऱ्याला किती दिले, मंडपवाल्याचे किती राहिले, सगळं तिच्यात. काल्यानंतर ती पारावर जाहीर वाचली जाते आणि पैशाला पैसा जुळतो. आमच्या गावानं हिशोबात कधी खोट येऊ दिली नाही, याचा मला अभिमान आहे.

दुसरी वही चार वर्षांपूर्वी सुरू झाली. जे जमाखर्चात बसत नाही, ते तिच्यात लिहायचं असं ठरलं.

पहिल्या वर्षी बैठक काल्याच्या रात्रीच घेतली. सगळे जागरणानं पेंगुळलेले, डोळे लाल. पाण्याचा टँकर उशिरा का आला यावरून सुरुवात झाली आणि दोन भावकींत दहा वर्षांपूर्वीचा बांध निघाला. वहीत त्या दिवशी एक ओळ चढली नाही. तेव्हापासून बैठक तिसऱ्या दिवशी सकाळी, लिंबाखाली. तोवर झोप झालेली असते, आणि आठवण अजून ताजी असते. आठवडा गेला की माणसं पेरणीचं बोलायला लागतात.

आणि एक नेम. वहीत माणसाचं नाव लिहायचं नाही, घडलेलं लिहायचं. "अमक्यानं घोळ केला" नाही. "तिसऱ्या पंगतीला वाढपी चारच होते" असं. नाव आलं की माणूस आपली बाजू सांगत बसतो. घडलेलं लिहिलं की पुढच्या साली वाढपी किती लागतील, याचा विचार सुरू होतो.

तरी बैठकीत बोलणारी माणसं ठरलेलीच. म्हणून शाळेतल्या सातवीच्या पोरांना घरोघर पाठवलं. "सप्ताह कसा वाटला?" असं विचारलं, तर सगळ्या उंबऱ्यांवर एकच उत्तर मिळालं, "चांगला झाला की." देवाच्या कामाला नाव कोण ठेवणार? मग गुरुजींनी प्रश्न बदलला. "किती दिवस आलात? कधी उठून गेलात? कोणत्या पंगतीला जेवलात?" मतं विचारली तेव्हा लोक अवघडले होते. काय केलं ते विचारल्यावर मोकळे झाले. एका घरातून कळलं, म्हातारी कीर्तनाला येते पण अर्ध्यातून उठते, कारण लघवीला जायला अंधारातून ओढ्याकडं जावं लागतं आणि तिला सोबत नसते. सुनेनं हे पोरीच्या कानात सांगितलं. बैठकीत ते कधीच आलं नसतं. पुढच्या साली देवळामागं पत्र्याच्या दोन न्हाण्या, दोन संडास आणि वाटेवर एक दिवा लागला. खर्च मंडपाच्या झालरीपेक्षा कमी आला.

(एका आजीचे हात. ज्वारी निवडताहेत.)

आता बुंदीची गोष्ट.

पोरांच्या कागदांवर पंगतीचे आकडे होते. कोण कितव्या पंगतीला जेवलं, ते गुरुजींनी फळ्यावर मांडलं. पहिल्या पंगतीला पाहुणे आणि टाळकरी, दुसरीला गावातले पुरुष, तिसरीला तरणी पोरं. बाया पाचवीला, नाही तर सहावीला. वस्तीवरची घरंही तेव्हाच. त्याच कागदांवर, त्याच पंगतीपुढं, वेगवेगळ्या अक्षरात एकच शब्द होता. संपली.

बुंदी दरवर्षी पाचव्या पंगतीला संपायची. आचाऱ्याला माहीत होतं, वाढप्यांना माहीत होतं. आम्हा बाकीच्यांना माहीत नव्हतं, कारण आम्ही कधी पाचव्या पंगतीला बसलोच नव्हतो. कार्यक्रम उत्तम झाला म्हणणारे सगळे दुसऱ्या पंगतीतले.

ह्या आजी म्हणाल्या, "बुंदीचं काही न्हाई रं लेकरा. पर दरसाल आमच्यालाच संपती."

हे वाक्य वहीत जसंच्या तसं आहे. पुढच्या साली पहिली पंगत बायांची आणि लेकरांची झाली. काही जुनी माणसं नाराज झाली, हेही खरं. पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं का, असं विचारलं गेलं. पाहुण्यांना चहा दिला आणि ते बसले. एकही पाहुणा रुसून गेला नाही. आणि शेवटच्या पंगतीसाठी बुंदीचं एक पातेलं आधीच बाजूला काढून त्यावर फडकं बांधायचं ठरलं. ते फडकं शेवटच्या पंगतीची पानं मांडल्याशिवाय सुटत नाही.

बाकी पुष्कळ गोष्टी पानापानावर आहेत. भाकरी प्रत्येक घरातून यायच्या आणि पाट्याच्या पाट्या उरायच्या. शिळ्या भाकरी गुरांपुढं जायच्या, पण त्या थापताना धुरात बसलेल्या बाईचं काय? आता गल्ल्यांचे दिवस वाटून दिलेत. काकड्याला भोंगा लागत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यात रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर भोंगा बंद आहे. आमच्याकडं नियमापेक्षा एका तान्ह्या लेकराच्या आईचं म्हणणं आधी वहीत चढलं. आता काकड्याला नुसता टाळ, आणि अंधारात देवळाकडं येणारी पावलं ऐकू येतात.

एका पानाला मात्र लाल रेघ आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात, लोहा तालुक्यात, एका धार्मिक कार्यक्रमात एकादशीची भगर खाल्ल्यानंतर दोन हजारांच्या आसपास माणसांना उलट्या-जुलाब झाले. दवाखान्यांत जागा पुरेना. ती बातमी आमच्या बैठकीत मोठ्यानं वाचली. आपल्या सप्ताहातही एकादशी येते. त्या दिवशी अख्खं गाव भगर खातं. भगरीला ओल लागली की बुरशी धरते आणि ती विषारी ठरू शकते. म्हणून सुटी भगर बंद, तयार पीठ तर नाहीच. पाकीटबंद आणायची, निवडून, धुऊन शिजवायची आणि गरम असतानाच वाढायची. पाण्याच्या टाकीत औषध कोणी टाकलं, किती वाजता टाकलं, तेही लिहायचं. इथं मात्र नाव लिहायचं, कारण इथं जबाबदारी एकाचीच पाहिजे.

(रस्त्यावरून येणारा ट्रॅक्टर. ट्रॉलीत संसार, वर बांधलेली बाज.)

वहीतला सगळ्यात अवघड प्रश्न गुरुजींनी विचारला होता. आलेल्यांचं कळलं. आलं नाही ते कोण?

आमचा सप्ताह पूर्वी दत्तजयंतीला व्हायचा. मार्गशीर्षात. आमच्या भागाला हे सांगायची गरज नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. कोल्हापूर, सांगली, सातारा, पार कर्नाटकापर्यंत. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे, घेतलेली असते, ती फिटेपर्यंत फडातून हलता येत नाही. मार्गशीर्षात अर्ध्याअधिक घरांना कुलूप असतं. सप्ताहाची पट्टी मात्र त्या घरांतूनही यायची. जायच्या आधी, उचलीतून काढून. लाल वहीत त्यांची नावं आहेत. काल्याचा प्रसाद त्यांच्या हातावर कधी पडलाच नव्हता.

यावर गाव बरेच दिवस बोललं. तिथी मोडायची नाही, असं म्हणणाऱ्यांचं दुःख मी समजू शकतो. ती तिथी त्यांच्या आज्यानं धरलेली होती. शेवटी दत्तजयंतीला एक दिवसाचं कीर्तन ठेवलं आणि सप्ताह रामनवमी ते हनुमान जयंती असा चैत्रात आणला. पाडव्याच्या आगेमागे टोळ्या परततात. दहावीच्या पोरांचे पेपरही झालेले असतात.

त्यानं नवीन अडचणी आल्याच. चैत्रात ऊन मी म्हणतं, विहिरींनी तळ गाठलेला असतो. टँकर वाढले, खर्च वाढला. दुपारचं भजन मंडपातून देवळाच्या गाभाऱ्यापुढच्या सावलीत न्यावं लागलं. हे सगळं वहीत आहे, आणि यातलं पाण्याचं अजून सुटलेलं नाही.

पण पहिल्याच चैत्रातल्या काल्याला एक बाई हंडीखाली उभी होती. लग्न होऊन या गावात येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. लाह्यांची मूठ तिनं खाल्ली नाही, पदराच्या गाठीला बांधली. विचारलं तर म्हणाली, "घरी नेते. आमच्या घरात कुणी बघितलाच न्हाई काला."

(लिंबाखाली सतरंजी अंथरली जातेय. वही उघडलेली.)

वही लिहून ठेवायची आणि वर्षानं धूळ झटकून पुन्हा लिहायची, असं पहिल्या दोन वर्षांत होऊ लागलं होतं. म्हणून आता पुढच्या सप्ताहाच्या पहिल्या बैठकीत, पट्टी ठरायच्या आधी, मागच्या सालची वही वाचतात. लाल वही त्यानंतर उघडते.

या सालचं पान सातवीतल्या एका पोरीनं लिहिलंय. बारीक, गोल अक्षर. शेवटून दुसरी ओळ अशी : टँकर दुपारी आला, सकाळी सातला पाहिजे होता. आणि शेवटची : तांड्यावरून चारच घरं आली. बाकीची का नाही आली ते विचारायला आम्ही गेलो नाही. लांब आहे.

बैठक उद्या सकाळी आहे. पोरं आज दुपारी तांड्याकडं निघालीत.