मोह पडायच्या आधी

नमस्कार श्रोतेहो.

धानाची चुरणी आटोपत आली आहे, गावोगावी झाडीपट्टीची नाटकं रंगताहेत आणि सकाळी शेकोटीजवळून उठवत नाही. अशा थंडीत ही बाई वणव्यावर बोलायला कशाला आली, असं तुमच्या मनात आलं असेल. सरकारी कागदावर आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा असतो. पण त्या चार महिन्यांत आम्ही करतो ती बरीचशी धावपळ. जंगल वाचणार की जळणार, हे त्याच्या आधीच पौष-माघात ठरत आलेलं असतं, आणि ते पुष्कळदा मोहाच्या झाडाखाली ठरतं. एका वन विभागात आगीचं नियोजन माझ्याकडे आहे, तेव्हा यंत्रांविषयी सांगेनच, पण जास्त वेळ मोहाला देणार आहे.

आधी आपलं रान. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात साग, ऐन, धावडा, बिजा, तेंदू, मोह. सगळं पानगळीचं. थंडी सरली की पाला खाली यायला लागतो आणि मार्चअखेर पाऊल टाकलं तर घोट्यापर्यंत रुततं. आपल्याकडची आग या पाल्यातून, जमिनीवरून सरकत जाते. अमेरिका-ऑस्ट्रेलियाच्या बातम्यांत दिसते तशी शेंड्याशेंड्यांवरून धावणारी आग इथं सहसा होत नाही, कारण ऐन उन्हाळ्यात आपल्या बहुतेक झाडांच्या शेंड्यावर जळायला पानंच नसतात. त्यामुळे लोकांना ती किरकोळ वाटते. दोन दिवस धूर, मग काळी जमीन, आणि पाऊस पडला की पुन्हा हिरवं. बिघडलं काय?

बिघडलेलं खाली वाकल्यावर दिसतं. मोठा साग जाड सालीमुळे टिकतो, पण वीतभर, हातभर रोपं जातात. त्याच जागेवरून दरवर्षी आग फिरली की नवं झाड वर येतच नाही. पोरं शहराकडे निघून गेलेल्या गावात घरं उभी असतात आणि ओट्यावर नुसती म्हातारी माणसं, तसं ते रान होतं. शिवाय जमिनीवरचा पाला गेला की मृगाचे थेंब थेट मातीवर आपटतात आणि ती माती वाहून तुमच्याच बोडीत, तुमच्याच तलावात जाऊन बसते. एकदा आपल्या शिवारातल्या जुन्या मोहाखाली उभं राहा आणि हे झाड पडलं तर त्याच्या जागी येणारं दुसरं कुठं आहे ते शोधा. बऱ्याच गावांत सापडत नाही.

आता आग लागते कशी? बांबूवर बांबू घासून लागते, असं मला प्रत्येक गावात कुणीतरी ठामपणे सांगतं. इतक्या वर्षांत ती जागा मात्र कुणी दाखवलेली नाही. विजेनं लागली तर बहुधा तिच्यामागोमाग पाऊस असतो. आग माणसाच्या हातूनच लागते, आणि बहुतेक वेळा त्याच्या मनात काही वाईट नसतं. शेताच्या बांधावरचा धुरा जाळताना ती रानात शिरते. ढोरक्याची बिडी पडते. शिकारीसाठी लावणारे आहेत, जमीन मोकळी करायला लावणारेही आहेत, त्यांच्याशी कायद्यानं बोलावं लागतं आणि आम्ही बोलतो. पण मार्च-एप्रिलमधल्या आगींचा माग काढत गेलं की फार वेळा आपण मोहाच्या झाडाखाली जाऊन पोचतो.

मोहाचं फूल रात्री उशिरा गळायला लागतं आणि सकाळी ऊन चढेपर्यंत गळत राहतं. बाया उजाडायच्या आत टोपल्या घेऊन निघतात. खाली पाला तसाच असला तर एकेक फूल उचकून काढावं लागतं, हाताखाली विंचू-काट्याची भीती वेगळी. पाला जाळून टाकला की जमीन साफ होते आणि काळ्या मातीवर ते फिकट फूल लांबून दिसतं. एका आजीनं मला सरळ विचारलं, "कचरा नाई जारला त मोह दिसन कसा, मॅडम?" राखीव जंगलात आग लावणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे, हे त्या आजीलाही ठाऊक होतं. पण कलम सांगून तिच्या प्रश्नाचं उत्तर होत नाही. तिला फूल दिसायला हवं आहे. ते न जाळता दिसेल अशी सोय झाली, तर ती कशाला काडी ओढेल?

सोय अवघड नाही. फूल पडायला लागायच्या आधी झाडाखालची जागा खराट्यानं झाडून घ्यायची. पाला शेतात, खताच्या खड्ड्यात न्यायचा. मधे एकदोनदा पुन्हा झाडावं लागतं, कारण आजूबाजूचा पाला वाऱ्यानं येतच राहतो. किंवा झाडाखाली जुन्या साड्या, नाहीतर जाळी बांधायची. जाळीवरचं फूल मातीला लागत नाही, स्वच्छ राहतं, वाळवायलाही बरं. आणि कुठलं झाड कुठल्या घरचं, हे तर गावाला तोंडपाठ असतं. म्हणून मी वनरक्षकाला त्याच्या बीटचा, म्हणजे त्याच्याकडे सोपवलेल्या जंगलाच्या तुकड्याचा, आगीचा नकाशा काढायला सांगते तेव्हा पाणवठे आणि रस्ते यांच्याही आधी मोहाची झाडं मांडायला लावते. नकाशावर झाड आलं की घर कळतं, घर कळलं की थंडीत जाऊन बोलता येतं. मला कुणी विचारलं, या वर्षीच्या पैशात पाला उडवायची आणखी यंत्रं, म्हणजे ब्लोअर, घ्यायचे की गावांना जाळ्या द्यायच्या, तर मी जाळ्या म्हणेन. खरेदीच्या कागदांत जाळी बसवायला त्रास होतो, ती गोष्ट निराळी.

मोह संपत आला की तेंदू. इथं समज असा, की जाळलं म्हणजे पान कोवळं फुटतं. तो अगदीच खोटा नाही. झुडूप जळालं की मुळातून नवा फुटवा येतोच. पण तेच झुडूप वेळेवर, धारदार हत्यारानं जमिनीलगत छाटलं तरी फुटवा तसाच येतो, आणि आजूबाजूचं रान शाबूत राहतं. छाटणीला मजुरी पडते आणि काडीला पडत नाही, एवढाच काय तो फरक. म्हणून तेंदूचा लिलाव किंवा सौदा करताना छाटणीचा खर्च कुणाचा, हे ग्रामसभांनी आधीच लिहून घ्यावं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं तर याच्या पलीकडे पाऊल टाकलं. २०१२ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळाल्यावर त्या ग्रामसभेनं तेंदू तोडणंच बंद केलं, कारण त्यापायी झाडं छाटली जातात आणि रान जळतं. बांबूवर भिस्त ठेवली. प्रत्येक गावाला हे परवडेल असं मी म्हणणार नाही. तेंदूच्या पैशावर खरिपाचं बियाणं येणारी घरं मी पाहते. पण आपल्या रानाचा हिशोब गावानं बसून केला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता आमच्या बाजूचं काम. तुम्ही जंगलात लांबच लांब गवत कापलेले, जाळलेले पट्टे पाहता, त्या जाळरेषा. कुठं १२ मीटर रुंद, कुठं ६, कुठं ३. हंगाम सुरू व्हायच्या आत त्यावरचं गवत कापून, वाळवून, माणसं उभी ठेवून जाळायचं. हे वेळेत झालं नाही तर पुढचं सगळं लंगडं पडतं. आणि एकदा जाळरेषा झाली म्हणजे निश्चिंत, असंही नाही. फेब्रुवारीत साफ केलेल्या रेषेवर मार्चमध्ये पुन्हा पाला पडतो, आग तिच्यावरून आरामात पलीकडे जाते. ब्लोअर खरं कामाला येतो तो इथं, पाला बाजूला उडवायला. लोक समजतात तो आग फुंकून विझवायला असतो. विझवता येते, पण आग लहान असेल तोवर आणि चालवणारा सरावलेला असेल तर.

उपग्रहाविषयी मला शाळेतली मुलं फार विचारतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांकडून आलेल्या आगीच्या जागा मोबाइलवर संदेशानं कळवते. जंगल खात्याबाहेरच्या कुणालाही त्यांच्याकडे नाव नोंदवून आपल्या भागाचे संदेश मिळवता येतात, तरुण पोरांनी जरूर नोंदवावं. पण त्याची मर्यादा समजून घ्या. त्यातल्या बारीक नजरेच्या उपग्रहालासुद्धा जमीन ३७५ मीटरच्या चौकोनांत दिसते, आणि तो साधारण दुपारी दीडच्या सुमाराला आणि मग रात्री दीडच्या सुमाराला वरून जातो. दुपारी चारला लागलेली आग त्याला मध्यरात्रीनंतर दिसणार. तोवर वारा असला तर ती टेकडी ओलांडून गेलेली असते. वीटभट्टीही त्याला कधी आग वाटते. तुमच्या गावातला मोह वेचणारा माणूस आणि ढोरकी या दोघांना धूर त्याच्या कितीतरी आधी दिसतो.

मग ते आम्हाला सांगत का नाहीत? इथं थोडं आमच्याच घरातलं बोलते. पुष्कळ ठिकाणी अशी रीत पडून गेली होती, की ज्याच्या बीटमध्ये जास्त आगी त्याला बैठकीत उभं करून बोलायचं. परिणाम उघड आहे. वनरक्षक आग लपवायला लागतो, दहा हेक्टरचं एक होतं, आणि गावकऱ्याला वाटतं की सांगायला जावं तर चौकशी आपल्याच मागे लागेल. माझ्याकडे जबाबदारी आली तेव्हा मी एकच गोष्ट बदलून घेतली. आग लागली म्हणून कुणाला विचारायचं नाही. आग उशिरा कळवली तर विचारायचं. त्यानंतर कागदावर आगींचा आकडा वाढला, आणि वरून मला विचारणाही झाली. मी सांगितलं, आगी वाढल्या नाहीत, कळायला लागल्या.

आगीबद्दल गावाचे हक्कच काही काळ बंद ठेवण्याची तरतूद कायद्यात आहे. मला ती कधी उपयोगाची वाटली नाही. लावणारा एक, तो सापडत नाही, आणि विझवायला येणारे पन्नास रुसून घरी बसतात.

विझवणाऱ्यांबद्दल मात्र मनापासून सांगायचं आहे. एप्रिल २०२१ मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन वनमजूर गेले. भर उन्हाळा, वारा, उताराचं रान. आग चढावर सपाट जमिनीपेक्षा कितीतरी वेगानं धावते, आणि वाऱ्यानं तोंड फिरवलं तर माणसाला पळायला वेळ देत नाही. तेव्हा माझ्या माणसांना असलेले नियम मी तुम्हालाही सांगते, कारण आग दिसली की आपली पोरं डहाळी तोडून तशीच धावतात. आगीच्या वरच्या अंगाला, चढावर, उभं राहायचं नाही. एकट्यानं जायचं नाही. मागे सरकायची वाट आधी बघून ठेवायची, जळून गेलेली काळी जमीन ही त्यातल्या त्यात बरी जागा. अंगात सुती कपडे, पायात बूट, जवळ पाणी. एकानं बाहेर उभं राहून फक्त वाऱ्याकडे आणि आगीच्या तोंडाकडे लक्ष ठेवायचं, त्यानं हाक दिली की हातातलं टाकून निघायचं. दुपारी रेटत नसेल तर रेषेवर थांबायचं आणि संध्याकाळी वारा पडल्यावर, हवेत गारवा आल्यावर हात घालायचा. दोनचार हेक्टर जास्त जळालं तरी चालेल. हंगामी अग्निरक्षक बहुतेक तुमच्याच गावचे असतात, त्यांच्या घरच्यांनीही त्यांना हेच बजावून पाठवावं.

धूर दिसला तर १९२६ हा वनविभागाचा क्रमांक आहे, पैसे पडत नाहीत. तुमच्या वनरक्षकाचा नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असायला हवा, नसला तर मागून घ्या.

आणि शेवटचं. २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. त्या दिवशी मोहाच्या झाडांचा विषय काढा. कोणतं झाड कुणाकडे, खालची जागा कोण कधी झाडणार, जाळ्या किती लागतील, याची यादी करा आणि वनपालाकडे द्या. बाया आल्याशिवाय ही यादी नीट होणार नाही, तेव्हा सभेची वेळ त्यांना विचारून ठेवा. यादी पोचूनही आमच्याकडून कुणी आलं नाही, तर आठवड्याभरात मला विभागीय कार्यालयात निरोप पाठवा. नमस्कार.