छेद समान करताना: ‘लीलावती’तील तीन उदाहरणे

जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणे येथे, डोंगराच्या पायथ्याशी, देवीच्या मंदिरात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापन केला, त्याची नोंद तेराव्या शतकाच्या आरंभीच्या या लेखात आहे. त्या ग्रंथांपैकी ‘लीलावती’ इ.स. ११५० मधील. तिच्यात अपूर्णांकांचे प्रकरण बेरजेने सुरू होत नाही. ते सुरू होते छेद समान करण्याच्या कृतीने. शिकवण्याचा हा क्रम मला फार मोलाचा वाटतो.

पहिलेच उदाहरण असे आहे: तीन, एक पंचमांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज करायची आहे, तर आधी त्यांचे छेद समान करून सांग.

(दृश्य: सारख्या आकाराचे दोन आयताकृती कागद.)

एका कागदाला आडव्या घड्या घालून तीन समान पट्टे केले आणि एक पट्टा रंगवला. दुसऱ्याला उभ्या घड्या घालून पाच समान पट्टे केले आणि त्यातलाही एक रंगवला. रंगवलेले पट्टे दोन असले, तरी त्यांना ‘दोन’ म्हणून मोजता येत नाही, कारण ते एकाच मापाचे नाहीत. आता पहिल्या कागदाला उभ्या पाच आणि दुसऱ्याला आडव्या तीन भागांच्या घड्या घातल्या, की दोन्ही कागदांवर पंधरा-पंधरा सारखे चौकोन उमटतात. रंग होता तिथेच आहे, तसूभरही वाढलेला किंवा घटलेला नाही. मात्र एक तृतीयांशाच्या जागी आता पाच चौकोन दिसतात आणि एक पंचमांशाच्या जागी तीन. माप एक झाले, म्हणून आता ते मोजता येतात: आठ छेद पंधरा. पूर्ण तीन म्हणजे असे पंचेचाळीस चौकोन. ते मिळवले की उत्तर येते त्रेपन्न छेद पंधरा.

अनेक विद्यार्थी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून एक तृतीयांश अधिक एक पंचमांश बरोबर दोन छेद आठ असे लिहितात. दोन छेद आठ म्हणजे पाव, आणि पाव हा एक तृतीयांशापेक्षा लहान आहे. भर घातल्यावर मूळ भागच कमी झाला, एवढे विद्यार्थ्याच्या नजरेस आणून दिले, तर ती रीत का चालत नाही हे त्याचे त्यालाच उमगते.

भास्कराचार्यांचा नियम आहे की प्रत्येक अपूर्णांकाचा अंश आणि छेद या दोहोंना दुसऱ्याच्या छेदाने गुणावे. त्याला जोडूनच ते एक सोय सांगतात: दोन्ही छेदांना सामाईक अवयवाने भाग जात असेल, तर तो देऊन उरलेल्या संख्यांनी गुणावे. यासाठी त्यांनी निवडलेले उदाहरण नेमके आहे. एक चौदांशातून एक त्रेसष्टांश वजा करायचा आहे. छेदांचा थेट गुणाकार केला तर ८८२ हा अवजड छेद हाती येतो. पण दोन्ही छेदांना सातने भाग जातो आणि दोन व नऊ उरतात. म्हणून एक चौदांशाच्या अंश-छेदांना नऊने आणि एक त्रेसष्टांशाच्या अंश-छेदांना दोनने गुणले की दोन्हीकडे छेद १२६ होतो. नऊ वजा दोन, सात. सात छेद १२६ म्हणजेच एक छेद अठरा. आज शाळेत लसावि काढून आपण हेच साधतो.

(दृश्य: फुललेला कदंब.)

त्याच ग्रंथात पुढे भुंग्यांचे प्रसिद्ध कोडे येते. थव्याचा एक पंचमांश कदंबाकडे गेला, एक तृतीयांश शिलींध्राच्या फुलांकडे, या दोहोंतील फरकाची तिप्पट कुड्याकडे, आणि एक भुंगा केतकी व मालती यांच्यामध्ये घिरट्या घालत राहिला. तर एकूण भुंगे किती? छेद पंधरा धरला की कदंबाकडे तीन भाग, शिलींध्राकडे पाच, फरक दोन, त्याची तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा भाग होतात. उरलेला पंधरावा भाग म्हणजे तो एकटा भुंगा. म्हणून थवा पंधरा भुंग्यांचा.